बावेवरचं गाऱ्हाणं

आमच्या आळीत एके काळी विरार होतं, नालासोपारा होतं, दोन डोंबिवल्या होत्या आणि एक भांडुप होतं. ही सगळी घरांची नावं. जांभ्याच्या चिऱ्यांची कौलारू घरं, पुढे पडवी, आणि पडवीच्या दाराला कुलूप. घराचा मालक जिथे जाऊन राहिला, ते त्या घराचं नाव. ही नावं काकीने ठेवली होती. सकाळी मी दुकान उघडायला बाहेर पडलो की ती आळीच्या मधोमध उभी राहून सांगायची, "विरारचा छप्पर बसला रे रातच्याला!" परक्या माणसाला वाटावं, मुंबईकडे काहीतरी भयंकर घडलं. प्रत्यक्षात एक वासा मोडून थोडी कौलं खाली आलेली असायची.

काकी माझी सख्खी काकी नव्हे. आमच्या समोरच्या घरात ती एकटी राहायची. नवरा तरुणपणीच गेला, मुलगा शिकून ठाण्याला नोकरीला लागला. ती स्वतः एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची आणि माईकवरून गाड्या पुकारायची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, खेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे," हे वाक्य ज्या आवाजात रत्नागिरीने वर्षानुवर्षं ऐकलं, तो हा आवाज. वयानुसार ती निवृत्त झाली, आवाज झाला नाही. त्याला माईकची गरज आधीही नव्हती, हे आम्हाला शेजारी म्हणून ठाऊक होतं.

तिच्या बोलण्यात माणसं येत-जात नसत. ती लागत आणि सुटत. दूधवाला लागायचा. पोस्टमन उशिराने धावायचा. माझ्या बहिणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी आई रडत होती, बहीण रडत होती, रडायचं नाही असं ठरवून आलेले माझे वडील खांबाआड गेले होते, आणि काकीने मागून आवाज दिला, "गाडी सुटायची वेळ झालेली आहे, बसणाऱ्यांनी बसून घ्यावं!" बहीण डोळे पुसता पुसता फस्सकन हसली. सासरच्या मंडळींचा काही दिवस समज होता की मुलीला हसत हसत सासरी यायची आमच्याकडे पद्धत आहे.

ही आळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला. पूर्वी म्हणे इथे घराघरांत माणूस मावत नसे. मला आठवते ती आळी मात्र ओसरत चाललेली. शेवटी तीनच घरांत चूल पेटायची. काकीचं, आमचं आणि टोकाला एका निवृत्त मास्तरांचं. शिमग्याला देवाची पालखी गावभर फिरते, पण आमच्या आळीला वळसा घालून जाऊ लागली. पालखी नाचवायला खांदे नाहीत आणि ओटी भरायला बाया नाहीत, तर देव तरी कशाला वळेल? काकी रोज सकाळी एकेका कुलपाला हात लावून हलवून बघायची. चोरी होईल म्हणून नव्हे. आत चोरण्यासारखं काही नव्हतं. "कुलपाला बरा वाटता," एवढंच ती सांगायची.

आळीच्या मध्यावर बाव आहे. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. बावेच्या कठड्याला टेकून एक काळा धोंडा आहे, तो आमचा जागेवाला, म्हणजे आळीची राखण करणारा देव. आळीत काहीही नवं व्हायचं असेल, लग्न, बारसं, नवं घर, तर आधी या जागेवाल्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ही रीत. कोकणाबाहेरच्या वाचकांनी इथे जरा थांबावं. गाऱ्हाणं म्हणजे तुमच्याकडे तक्रार. आमच्याकडे ती प्रार्थना असते, आणि जोरात करायची असते. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं की बाबा, तुझी लेकरं आलीत, त्यांची राखण कर, काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घे. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाकी सगळ्यांनी म्हणायचं, "होय महाराजा!" घालणारा एक आणि म्हणणारे अनेक. म्हणणारे नसले तर ते गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं काकीचं मत होतं.

गाऱ्हाणं घालायचा मान आळीत एकाच घराण्याचा, आणि ते घराणं म्हणजे पहिली डोंबिवली. सुरुवातीला ते गणपतीला तरी यायचे, मग तेही राहिलं. एका वर्षी आमच्या घरी नवा बोअर मारायचा होता आणि गाऱ्हाणं घालायला माणूस नव्हता. काकी पदर खोचून पुढे झाली. मास्तर म्हणाले, "बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही."

"मग तुमी घाला," काकी म्हणाली.

मास्तरांनी घातलं. त्यांचा आवाज वर्गातल्या तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा अशी त्यांची ख्याती होती. आम्ही शेजारी उभे होतो तरी वाक्य कुठे संपलं ते कळेना. आम्ही मधेच कुठेतरी "होय महाराजा" म्हणायचो आणि मास्तर दचकून मागे बघायचे. शेवटी काकी म्हणाली, "जागेवाल्याला निदान ऐकायला तरी जायला हवा, मास्तर." त्या दिवसापासून गाऱ्हाणं तिच्याकडे आलं आणि "होय महाराजा" म्हणण्याच्या कामी माझी कायमची नेमणूक झाली.

आता तिच्या मुलाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठी होतं. तो दर आठवड्याला फोन करायचा, त्यात खोट नाही. आणि दर फोनवर काकी विचारायची, "राह्यला कदी येतोस?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "आई, तिथे आहे कोण? संध्याकाळी बोलायला माणूस नाही." हे काही उत्तर नव्हतं. विषय संपवायला माणूस जे काहीतरी बोलतो, त्यातलं ते होतं. आम्हाला सगळ्यांना कळायचं. काकीला कळलं नाही, किंवा तिने कळून घेतलं नाही. सारा जन्म चौकशीच्या खिडकीत गेलेला. समोरून प्रश्न आला की त्याला उत्तर असतंच, ही तिची नोकरीची सवय. बोलायला माणूस नाही म्हणतो ना? मग माणसं आणू.

आधी तिने घर त्याच्या नावावर करून टाकलं. माझ्या वडिलांनी तिला परोपरीने सांगितलं की हयातीत असं करू नये. ती म्हणाली, "नावावर घर असला की पाय आपोआप वळतो हो." मग घराच्या माडीवरची खोली तिने त्याच्यासाठी रंगवून घेतली. माझ्या दुकानातून नवा पंखा नेला. पंखा बसवायला मीच गेलो होतो. बटण दाबून तो फिरताना बघत ती बराच वेळ खाली उभी राहिली आणि म्हणाली, "आवाज नाय ना करत? त्याला झोप लागत नाय आवाजान." मला तेव्हा तिचं हसू आलं नाही.

आळी भरायला सुरुवात झाली ती विरारपासून. विरारवाल्यांनी पडकं घर बिल्डरला दिलं आणि तिथे इमारत उभी राहिली. फ्लॅट बघायला लोक येऊ लागले. बिल्डरचा एक तरुण, गळ्यात टाय बांधलेला माणूस त्यांना वर-खाली फिरवायचा आणि खाली आले की काकी त्यांना गाठायची. चहा द्यायची आणि आळीची माहिती पुकारायची. "नळाला पाणी दिवसाआड येता. कदी येता कदी नाय. पावसात बावेचा पाणी वर चडता आणि बेडका जिन्यापर्यंत येतात. वारा सुटला की मिरकरवाड्याचा वास येतो, सुक्या म्हावऱ्याचा. नाकाला सवय व्हायला पावसाळा जातो."

टायवाला माझ्या दुकानात येऊन जवळजवळ रडला. "तुमच्या त्या काकींना आवरा हो. माझं गिऱ्हाईक पळवतायत."

मी काकीला सांगितलं. ती म्हणाली, "मेल्या, गाडी उशिरा हाय तं उशिरा हाय सांगायचा. लोकं थांबतात. वर्तमानपत्र घेतात, वडापाव खातात, पण थांबतात. नाय सांगितला तं चिडतात आणि दुसऱ्या गाडीला जातात."

आणि खरोखर, ज्यांना तिने बेडकांसकट सगळं सांगितलं होतं, त्यांनीच फ्लॅट घेतले. टायवाल्याने गोड बोलून ज्यांना फिरवलं ते परत आले नाहीत. पुढे पुढे तो स्वतःच गिऱ्हाईक काकीच्या पडवीत आणून सोडायचा आणि आपण बाहेर मोबाइल बघत उभा राहायचा.

पहिलं बिऱ्हाड आलं ते कोल्हापूरचं. नवरा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बायको शाळेत शिक्षिका, धाकटी मुलगी. दुसऱ्या मजल्यावर सामान चढलं. काकीने मला सांगितलं, "जा, त्यांना निरोप दे." मी वर गेलो आणि जसा होता तसा निरोप दिला. "काकींनी सांगितलंय, संध्याकाळी बावेवर तुमचं गाऱ्हाणं घालायचं आहे. दोघांनी हजर राहा. येताना नारळ आणा."

साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

संध्याकाळी बावेवर आम्ही जमलो. काकी, मी, माझी बायको, मास्तर आणि त्यांची पत्नी. कोल्हापूरकर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत फ्लॅटची फाइल, आणि बरोबर एक धिप्पाड मेहुणा, जो सामान उतरवायला आला होता आणि आता दंड चोळत उभा होता. वहिनींच्या हातात नारळ. तो त्यांनी असा धरला होता की हा द्यायचा आहे की फेकून मारायचा आहे, ते प्रसंग बघून ठरवू.

काकीने नारळ घेतला, धोंड्यापुढे ठेवला आणि डोळे मिटून स्टँडवरचा आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! आज तुज्या आळीत कोल्हापुरास्न आलेला बिऱ्हाड दुसऱ्या माळ्यावर लागलेला हाय, म्हाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही म्हणालो.

"त्यांच्याकडना काय चुकला आसंल..."

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "काय चुकलंय ते आधी सांगा की."

काकीने डोळे उघडले नाहीत. गाऱ्हाणं मधे थांबवायचं नसतं. "काय वाकडा पाऊल पडला आसंल, म्हाराजा!"

"होय महाराजा!"

"कुणाचं वाकडं पाऊल पडलं?" मेहुणा पुढे झाला. "आनि तुम्ही सगळी होय होय काय म्हणतायसा? बघितलंय का कुणी?"

"ट्रक जरा आडवा लागला होता, मान्य आहे," साहेब फाइल उघडत म्हणाले. "पण आम्ही लगेच काढायला लावला. बाकी कागद सगळे क्लिअर आहेत. बघून घ्या."

"ता सगळा पोटात घाल, म्हाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही म्हणालो, पण आता माझ्या बायकोला हसू आवरेना आणि मास्तर तोंडावर उपरणं धरून खोकू लागले. काकीने मात्र गाडी मधल्या कुठल्याही थांब्यावर न थांबवता शेवटपर्यंत नेली. ह्यांच्या लेकीला सुखी ठेव, घरात गोडाधोडाचं होऊ दे, साहेबांची बदली होऊ देऊ नको. बदलीचं ऐकून साहेबांनी फाइल मिटली. शेवटी नारळ फुटला, खोबऱ्यात गूळ घालून शेरणी वाटली गेली, आणि मास्तरांनी दोन्ही भाषांतल्या गाऱ्हाण्यांचा अर्थ समजावून सांगितला. वहिनी तिथेच कठड्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी हळूच फाइल मेहुण्याच्या हातात दिली आणि काकीला वाकून नमस्कार केला. म्हणाले, "काकी, आमच्याकडं नवीन माणसाला कुणी एवढं सांभाळून घेत नाही हो. आधी चूक करू देतात."

त्यानंतर आळीत "होय महाराजा" म्हणणारा सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

मग नालासोपारा गेलं. ते घर नाटे गावच्या एका बोटवाल्याने घेतलं, मिरकरवाड्यात त्याची बोट लागायची. भांडुपवाले म्हातारे नवरा-बायको स्वतःच परत राहायला आले. डोंबिवल्या पाडून त्यांच्या जागी दुसरी इमारत झाली. प्रत्येक बिऱ्हाडाला काकीचं गाऱ्हाणं, शेरणी आणि बेडकांची आगाऊ सूचना. म्हणणारे वाढत गेले तशी काकी जरा शेफारली, हे मला लपवायचं नाही. गाऱ्हाण्यात ती आळीचे हिशेबही चुकते करू लागली. नव्या बिऱ्हाडाची राखण कर म्हणता म्हणता मधेच, "तिसऱ्या माळ्यावरना कपड्याचा पाणी खाली ठिबकता, त्यांना बुद्दी दे, म्हाराजा!" तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर समोरच उभे असायचे आणि ओघाओघात सगळ्यांबरोबर तेही खणखणीत म्हणायचे, "होय महाराजा!" म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात यायचं. दुसऱ्या दिवशी दोरी आतल्या बाजूला. सोसायटीच्या बैठकीत जे महिनोन्महिने ठरत नसे ते बावेवर एका दमात मिटायचं. कारण बैठकीत हरकत घेता येते, आणि ताल धरलेल्या गर्दीत तोंडून "होय" कधी निघालं ते आपल्यालाच कळत नाही.

आणि एका शिमग्याला पालखी आळीत वळली. बोटवाल्याने आणि कोल्हापूरकरांनी खांदा दिला. साहेबांना पालखी नाचवता येत नव्हती, ते नुसतेच पालखीखाली इकडून तिकडे धावत होते. काकीने फोनवर मुलाला तो सगळा गलका ऐकवला. मोबाइल हातभर उंच धरला होता. "ऐकलास? ऐकलास ना? माणसा हायत ही. तुज्या आळीतली!"

पुढच्या महिन्यात तो आला.

तो येणार म्हटल्यावर काकीने घरात सणच मांडला. बोटवाल्याने आणून दिलेली सुरमई, सोलकढी, माडीवर नवी गादी. त्याने आळीत फेरी मारली. मी दुकानातून बघत होतो. तो इमारतींकडे वर बघत चालला होता, गाड्यांकडे बघत होता, मधे थांबून आपल्या घराच्या अंगणाची रुंदी पावलांनी मोजत होता. डॉक्टरांनी नमस्कार केला, याने मान हलवली. वहिनींनी "चहा घेऊन जा की" म्हटलं, याने "पुन्हा कधीतरी" म्हटलं. घराशी परत आल्यावर तो म्हणाला, "आई, आळी ओळखूच येत नाही." काकीने पडवीतून माझ्याकडे बघितलं. परीक्षेत पहिला आलेल्या मुलाची आई बघते तसं बघितलं.

तो माडीवर झोपला नाही. त्याला हॉटेल सोयीचं पडत होतं.

दुसऱ्या खेपेला तो टायवाल्याला घेऊन आला. आता त्याने टाय सोडला होता, पण चेहरा मी विसरलो नव्हतो. दोघांनी टेप लावून घर मोजलं. आळी भरली, जागेला भाव आला, आता नाही विकायचं तर कधी विकायचं, असा साधा सरळ हिशेब होता. त्याच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हतं. घर त्याच्या नावावरच होतं. आईला तो ठाण्याला नेणार होता, वेगळी खोली देणार होता. वाईट मुलगा म्हणावं असं त्याने काही केलं नाही, आणि याचाच मला जास्त राग आला. सरळ दुष्ट असता तर निदान भांडता आलं असतं.

काकी मिक्सरचं झाकण बदलायच्या निमित्ताने माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली. झाकण मी दिलं तरी उठेना.

"रिकामी आसती तं कोण घेणार व्हता रे?" ती म्हणाली. "त्याच्यासाटी भरली. भरली म्हणून विकलान."

मी झाकण उगाच पुन्हा पुसलं.

आळीत खळबळ माजली. मास्तर म्हणाले, वकिलाला विचारू. बोटवाल्याने त्याच्या पद्धतीने काय करता येईल ते सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोल्हापूरकर म्हणाले, "काकी, आमच्या शेजारचा फ्लॅट भाड्यानं आहे. तिथं राहा. आम्ही बघतो सगळं."

"माज्याच दारासमोर मी भाड्यान ऱ्हाऊ?" काकी हसली. मग हसू पुसून म्हणाली, "आणि खरा सांगू साहेब? मला घर नको व्हता. मला तो हवा व्हता. तो हितं येत नाय तं मी तितं जाते. गाडी फलाटावर लागतच नसंल तं पशिंजरानी बाहेर रस्त्यावर जाऊन हात करायचा. दुसरा काय?"

जायच्या दिवशी सकाळीच सगळे बावेवर आले. कुणी बोलावलं नव्हतं. मुलाने गाडी घरापुढे लावली होती आणि सामान चढवून तो दार धरून उभा होता. घाटात ट्रॅफिक लागतो, वेळेत निघू, असं दोनदा म्हणून झालं होतं. घर पाडायची माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. काकी जागेवाल्यापुढे वाकली. वहिनींनी नारळ पुढे केला. काकीने मान हलवली.

"येणाऱ्याचा गाऱ्हाणा आसता," ती म्हणाली. "जाणाऱ्याचा नसता."

"असतं," कोल्हापूरकर म्हणाले. "आमच्याकडं असतं."

त्यांनी वहिनींच्या हातातला नारळ घेतला आणि धोंड्यापुढे ठेवला. पुढे होऊन उभे राहिले. त्यांना गाऱ्हाणं घालता येत नव्हतं, चाल लागत नव्हती, बँकेत कर्जदाराशी बोलावं तशा आवाजात ते देवाशी बोलू लागले.

"देवा महाराजा, आमच्याकडं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. तर आमची तक्रार आहे. लिहून घे."

मागे सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"ह्या बाईच्या पोरानं सांगितलं, आळीत बोलायला माणूस नाही. हिनं ते खरं मानलं. आम्हाला एकेकाला हाताला धरून इथं आणलं. पाण्याचं सांगितलं, वासाचं सांगितलं, खोटं एक बोलली नाही. आम्ही राहिलो. एवढी माणसं झाली महाराजा, आणि तो दोनदा आला, पण एका माणसाशी धड एक वाक्य बोलला नाही. रिकामी होती म्हणून आला नाही, भरली म्हणून विकून चालला. आमचं काय चुकलं असेल तर आम्हाला सांग. पण त्याचं चुकलं, महाराजा."

इथे "होय महाराजा" यायला हवं होतं. आलं नाही. डॉक्टर चपलेकडे बघत होते. मास्तर चष्मा पुसू लागले. मुलगा गाडीचं दार धरून उभा होता आणि त्याच्यासमोर, त्याच्या आईच्या देखत, ते म्हणायची कुणाची छाती होईना. माझीही नाही. ज्या कामावर माझी नेमणूक होती, त्या कामाला नेमक्या त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही. कोल्हापूरकर मान खाली घालून वाट बघत राहिले.

तेव्हा काकी म्हणाली. इतकी वर्षं ती घालणारी आणि म्हणणारे आम्ही. पदर सारखा केला, मुलाकडे नीट बघितलं आणि असा आवाज लावला की खाली मिरकरवाड्यात बर्फ फोडणाऱ्यांनी हात थांबवले असतील.

"होय महाराजा!"

मुलाने दार सोडलं. ती सावकाश चालत गाडीपर्यंत गेली, आत बसली आणि दार स्वतःच ओढून घेतलं. तो अजून बाहेरच उभा होता. तिने काच खाली केली आणि त्याला म्हणाली, "चल बाबा आता. तुला उशीर होतोय."